वाजवून पाहणं

उद्यमबागेत सकाळी आठला माझ्या हातात हातोडी असते.
फेटलिंगच्या टेबलावर रात्री ओतलेल्या पंप-बॉडी,
अजून कोमट, कडांना जळकी वाळू.
एकेक टांगते, वाजवते, थांबते.
चांगलं लोखंड थोडा वेळ बोलत राहतं.
वाईट, एकच शब्द टाकून गप्प होतं.

इराप्पा म्हणतो, "मशीन घे की त्याला अक्का,
मालकिणीनं हातोडी मारत बसायचं म्हणजे काय?"
त्याचं बरोबर आहे. त्याचं बहुतेक वेळा बरोबरच असतं.
एकोणीस वर्षांची भागीदारी,
चेकवर दोन सह्या, एक कानडी, एक मराठी,
आणि भांडायचं ते दोन्हींतून.

आता पुण्याची पार्टी आली.
निम्मा हिस्सा, नवी भट्टी, धारवाडकडे अकरा एकर,
महिन्याला चारशे टन.
मधोमध कुंद्याचा डबा, कुणी हात लावला नाही.
मी मनातल्या मनात त्याला हावरट म्हणून घेतलं.
सोपं असतं ते.

परतताना तिसऱ्या गेटला फाटक पडलं.
लांबलचक मालगाडी. त्यानं इंजिन बंद केलं
आणि समोर बघतच सांगितलं
की त्याचे वडील अकरा वर्षं बदली कामगार होते,
रोज कारखान्याच्या दारात नाव पुकारायचे,
आलं तर आत,
नाही आलं तर भरलेला डबा घेऊन अनगोळच्या तळ्याकडं.
भाकरी तिथंच खायची, संध्याकाळ करून घरी यायचं,
पोरांना कळू नये म्हणून.
"मला कळत होतं," इराप्पा म्हणाला.
वाघिणी संपेनात.
मग फाटक वर गेलं, मागचे हॉर्न वाजवायला लागले.

त्याला चारशे टन नकोच होते.
त्याला एवढं मोठं दार हवं होतं
की कुणाचंच नाव बाहेर राहू नये.

आणि माझं?
मी या शेडमध्ये जमाखर्च लिहायला आले होते.
भुजंग मेस्त्रींनी एकदा हातात हातोडी दिली, म्हणाले, "ऐक."
त्या दिवशी वहीत सतरा रुपयांची चूक निघाली.
बस, एवढंच माझं कारण.
बँकेच्या साहेबाला सांगता येत नाही,
प्रोजेक्ट रिपोर्टात त्याला रकाना नाही.
पलीकडचे पोरवाल सख्ख्या भावाला दाखवायला धंदा करतात,
माझा भाचा निनाद विकण्यासाठीच कंपनी काढतो.
काढू दे की. त्यांचंही लोखंड वाजतं.
पण त्यांच्या भट्टीवर माझी कढई तापणार नाही,
हे कळायला मला पन्नाशी लागली.

मी इराप्पाला म्हटलं, तू जा.
नाव ने, पार्टी ने, मोठी गिऱ्हाइकं ने.
जुनी शेड राहू दे, लहान भट्टी, चाळीस टन.
तो बराच वेळ पेनाचं टोपण फिरवत राहिला.
"साका?" त्यानं विचारलं.
"साकु," मी म्हटलं,
आणि रात्री झोप लागली नाही, खरं सांगायचं तर.
चाळीस टनांत पगार बसवताना
अजूनही काही महिने बोटं मोडते.

काल त्याच्या गाडीतून एक बॉडी आली,
नव्या भट्टीतली पहिली, गोणपाटात गुंडाळलेली.
चिठ्ठी नाही.
मी टांगली, फोन लावला,
आणि काही न बोलता फोन लोखंडाजवळ धरून मारली हातोडी.
एकच शब्द. गप्प.
पलीकडे तोही गप्प.
मग म्हणाला, "परत ओततो."

फोन त्यानं ठेवला नव्हता.
मागे नव्या दारावर कुणीतरी हजेरी घेत होतं,
एकेक नाव, आणि प्रत्येक नावामागून कुणाचा तरी हुंकार.
मी हातोडी खाली ठेवली
आणि ऐकत राहिले.